खडू कोणाच्या हातात?

इंग्लंडमध्ये नाताळ हा जसा चर्चचा सण आहे, तसा तो दूरचित्रवाणीचाही आहे. दुपारचे जेवण, मग राजघराण्याचा संदेश आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत विनोदी कार्यक्रम, असा तेथील घरांचा रिवाज. राणी एलिझाबेथ यांचा नाताळ संदेश १९५७ मध्ये प्रथम पडद्यावर दिसला. मोरकम आणि वाइज या जोडीचा १९७७ च्या नाताळातील कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. नव्या कार्यक्रमांच्या जोडीला जुनेही निघतात. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या मालिका पुन्हा दाखवल्या जातात आणि पाठ झालेल्या वाक्यांवर घरेच्या घरे पुन्हा हसतात.

सणाच्या दिवशी आजी, नातू, सून आणि जावई एका खोलीत बसून ज्यावर हसतात, ती गोष्ट क्षुल्लक नसते. यावर हसायला हरकत नाही, असे त्या समाजाने आधीच ठरवून टाकलेले असते. एखाद्या समाजाचे मन ओळखायचे तर त्याच्या अग्रलेखांइतकाच त्याचा सणासुदीचा विनोदही पाहावा, असे आम्हास वाटते.

उमरी हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे नाताळ हा सण थोड्यांचा, पण सुट्टी सर्वांची. त्या सुट्टीत आम्ही काही मंडळींनी एका संध्याकाळी तीन जुन्या ब्रिटिश मालिकांचे भाग ओळीने पाहिले. आता इंटरनेटमुळे हे अवघड राहिलेले नाही. तिन्ही मालिका आम्ही मुद्दाम निवडल्या होत्या. पहिलीचे कथानक आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवळालीत घडते. दुसरीत एक पाकिस्तानी मुसलमान लंडनमध्ये इंग्रजी शिकतो. तिसरी पुढे हिंदीत आली तेव्हा तिचा नायक फारूक शेख झाला. जुन्या आठवणींत रमावे असा हेतू नव्हता. विनोदात आपला माणूस कोठे उभा केला जातो, एवढेच पाहायचे होते.

पहिली मालिका 'इट एन्ट हाफ हॉट मम'. बीबीसीने ती जानेवारी १९७४ पासून १९८१ पर्यंत दाखवली. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या छावणीत सैनिकांच्या करमणुकीसाठी एक नाटकमंडळी असते, तिची ही गोष्ट. पेरी स्वतः त्या काळी देवळालीत तोफखान्याच्या अशाच मंडळीत होते, त्यामुळे तपशील त्यांच्या अनुभवाचा आहे. चित्रीकरण मात्र इंग्लंडातच झाले. उमरीहून रेल्वेने मनमाडमार्गे ज्या देवळालीला जाता येते, ती या मालिकेत कोठेच नाही. आहे ती लंडनच्या स्टुडिओत उभी केलेली देवळाली.

या छावणीत तीन हिंदुस्तानी नोकर आहेत. रंगी राम हा बेअरर, मुहंमद हा चहावाला आणि रमजान हा पंखेवाला. तिघांतील मोठी भूमिका रंगी रामची. ती मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केली. बेट्स यांचा जन्म झाशीचा आणि त्यांना हिंदुस्तानी चांगली येत असे, हे खरे. योग्य हिंदी नट मिळाला नाही, असेही समर्थन केले गेले. पण त्याच चौकटीत बाजूला चहावाल्याच्या भूमिकेत ढाक्यात जन्मलेले दिनो शफीक आणि पंखेवाल्याच्या भूमिकेत बाबर भट्टी उभे आहेत. सईद जाफरीही त्या काळात लंडनमध्ये काम करीत होते. तेव्हा नट नव्हते हे म्हणणे टिकत नाही. लहान भूमिकेला खरा माणूस आणि मोठ्या भूमिकेला रंगवलेला, अशी ती वाटणी होती.

असे असले तरी मालिकेवर सरसकट शिक्का मारणे आम्हास मान्य नाही. तिच्यातील विनोदाचा मोठा वाटा गोऱ्या अधिकाऱ्यांवर आहे. कर्नल आणि कॅप्टन यांना कशाचाच पत्ता नसतो आणि साम्राज्य हातातून निसटत चालले आहे, हे त्यांच्याखेरीज सर्वांना दिसत असते. रंगी राम स्वतःला इंग्रजांत धरून 'आपण ब्रिटिश' अशा थाटात बोलतो. हा टोमणा आपल्यालाही लागू पडणारा आहे. साहेब गेल्यावरही साहेबाच्या मनाने वागणारे आपल्याकडे थोडे नव्हते.

पण आमच्या मते या मालिकेतील खरा विनोदकार पंखेवाला रमजान आहे. व्हरांड्यात बसून तो पंख्याची दोरी ओढतो आणि समोर जे चालले आहे त्यावर हिंदुस्तानीत पुटपुटतो. शेवटचे शब्द तेवढे इंग्रजीत येतात आणि इंग्रज प्रेक्षक त्यावर हसतो. आधीचे सारे पुटपुटणे त्याच्या लेखी नुसता आवाज. उमरीच्या खोलीत मात्र त्या आवाजाला अर्थ होता आणि इंग्रजी शब्द येण्याआधीच माणसे हसत होती. एकाच दृश्याला दोन प्रेक्षक असू शकतात, हे त्या संध्याकाळी आम्हास नीट कळले. लेखकांनी आपल्यासाठी लिहिले नव्हते, तरी नटाने आपल्यासाठी थोडी जागा राखून ठेवली.

चहावाल्याला तेवढीही जागा मिळत नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी नामावली सरकत असताना मुहंमद ब्रिटिश साम्राज्याचे गौरवगीत गाऊ लागतो आणि सार्जंट मेजर पडद्याआडून ओरडून त्याला गप्प करतो. साम्राज्याचे गुणगान करणाऱ्या नोकरालाही ते पूर्ण गाऊ द्यायचे नाही. याहून नेमके भाष्य शोधून सापडणार नाही. पण लेखकांना ते भाष्य म्हणून अभिप्रेत होते की केवळ हमखास हशा म्हणून, हा प्रश्न मालिका उघडाच ठेवते. रंगवलेल्या चेहऱ्यामुळे बीबीसीने ही मालिका पुढे अनेक वर्षे पुन्हा दाखवली नाही. त्यामागची भावना आम्ही समजू शकतो. परंतु त्यामुळे बेट्स यांच्या रंगाबरोबर शफीक आणि भट्टी यांचे कामही कपाटात गेले. अन्याय पुसायला जाताना ज्याच्यावर तो झाला त्याचेच नाव पुसले जावे, हा न्याय नव्हे.

येथे एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली देवळालीच. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई त्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत आणि कंटाळ्याने त्यांची डोकी फिरत. मूळ प्रयोगात पुढे 'टॅप' असे, तो आपला ताप. इंग्रजांच्या अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला, त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानांनी अशी ऐकली. आमच्या उच्चारांवर हसणाऱ्या भाषेने आमचे शोकाचे शब्दही असे मोडून आपल्या कोशाच्या मुखपृष्ठावर लावले. मात्र तो मोडका उच्चार कोणी इंग्रजाच्या तोंडी घालून त्याची खिल्ली उडवली नाही. चूक कोणाची धरायची हे उच्चारावरून ठरत नाही. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावरून ठरते.

दुसरी मालिका हेच उघड करून दाखवते. 'माइंड युवर लँग्वेज'चा पहिला भाग ३० डिसेंबर १९७७ रोजी, म्हणजे नाताळच्या आठवड्यातच, प्रसारित झाला. लेखक व्हिन्स पॉवेल. लंडनच्या एका रात्रशाळेत जेरेमी ब्राउन नावाचा तरुण शिक्षक परदेशी प्रौढांना इंग्रजी शिकवतो. वर्गात फ्रेंच, जर्मन, इटालियन, ग्रीक, स्पॅनिश, जपानी आणि चिनी विद्यार्थी आहेत. सतत विणकाम करीत बसणारी भारतीय गृहिणी जमीला आहे, रणजीत सिंग हा शीख आहे आणि अली नदीम हा पाकिस्तानी आहे. अली झाले आहेत आपले तेच दिनो शफीक. काल साम्राज्याला चहा पाजणारा आज साम्राज्याच्या राजधानीत शाळेच्या बाकावर बसला आहे. नट एकच आणि विनोदातली त्याची पायरीही तीच.

मालिका हसवते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शब्दांची गल्लत, एकसारख्या उच्चारांनी होणारा घोटाळा आणि अली-रणजीत यांची भांडणे यांवर आमची मंडळीही मनमोकळेपणाने हसली. पण तीन भाग ओळीने पाहिले की यंत्र दिसू लागते. प्रत्येक पात्राला एकच खुंटी दिलेली आहे. चिनी बाईने माओचे दाखले द्यायचे, जपान्याने वाकायचे, फ्रेंच मुलीने लाडात बोलायचे आणि अलीने गोंधळून हसायचे. महिने उलटतात, पण वर्ग शिकत नाही. शिकला तर मालिकाच संपेल. ज्या शाळेचा धंदा विद्यार्थी न शिकण्यावर चालतो, ती शाळा कसली? शिक्षक चांगला आहे, कनवाळू आहे, हे कोणीही मान्य करील. पण खडू कायम त्याच्याच हातात राहतो. अली ज्या भाषेत विचार करतो, गातो आणि नमाजानंतर दुआ मागतो, त्या भाषेत तो किती शहाणा असेल, हे विचारण्याचे त्या वर्गात कोणालाच सुचत नाही.

१९७९ मध्ये लंडन वीकएंड टेलिव्हिजनने ही मालिका बंद केली. त्या कंपनीतील अधिकारी मायकेल ग्रेड यांना तिच्यातील साचेबंद चित्रण आक्षेपार्ह वाटले, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. गंमत अशी की ज्या देशांची त्यात थट्टा होती, त्यांतील अनेक देशांत ती आवडीने पाहिली गेली. याचे उत्तर आम्हास साधे वाटते. वर्गात दहा जण असले की प्रत्येक प्रेक्षक इतर नऊ जणांवर हसतो आणि आपल्या एकाकडे कानाडोळा करतो.

हीच युक्ती १९९३ मध्ये हिंदीत आली. 'जबान संभालके' ही मालिका दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर लागत असे. पंकज कपूर यांनी हिंदीचा मास्तर केला होता. येथे बाकावर कोण बसले? टॉम ऑल्टर यांनी रंगवलेला इंग्रज बसला, हे ठीकच. पण त्याच्याच रांगेत विठ्ठल बापूराव पोटे हा मराठी माणूसही बसला. विजू खोटे यांनी तो झकास केला. तरीही लंडनच्या वर्गात अलीचे जे स्थान होते, तेच दिल्लीच्या भाषेच्या वर्गात मराठी माणसाचे झाले, ही गोष्ट मराठी समीक्षेने फारशी मनावर घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. पोटे हसवून गेले आणि सगळे विसरले.

आता ही रांग पुढे नेऊ. इंग्रजी अलीवर हसली, हिंदी विठ्ठल पोट्यांवर हसली. मराठी कोणावर हसते? वाचकांना नावे सांगण्याची गरज नाही. आपल्या रंगभूमीवर, चित्रपटांत आणि वाहिन्यांवर एक 'खानचाचा' पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. डोक्यावर जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा आणि तोंडी धड ना हिंदी, धड ना मराठी अशी भाषा. तो प्रेमळ असतो, जिवाला जीव देणारा असतो, कधी नायकासाठी मरतोही. पण मराठी त्याला कधीच येत नाही. मराठी न येणे हाच त्याच्या मुसलमान असण्याचा पुरावा मानला जातो.

वस्तुस्थिती काय आहे? आमच्या मराठवाड्यात घरात दख्खनी बोलली जाते, बाजारात मराठी आणि उमरी-धर्माबादकडे तेलुगूही कानावर असते. ज्या दख्खनीची टिंगल होते तिचा सर्वांत ठसठशीत शब्द 'नक्को'. तो मराठीच्या 'नको'पासूनच आला आहे. 'ऐसाच', 'अब्बीच' यांतील 'च' हाही मराठीचाच. म्हणजे खानचाचाच्या तोंडातील ज्या शब्दाला प्रेक्षक हसतो, तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या आईचा शब्द असतो. इंग्रजांनी देवळालीची डूलॅली केली आणि शब्दाचे माहेर विसरले. मराठी विनोदाने 'नक्को'चे माहेर तसेच विसरून टाकले. आणि आपणही स्वतःकडे पाहायला हवे. शुद्ध उर्दूचा अभिमान बाळगणारी आपली मंडळी याच दख्खनीला गावंढळ म्हणून हसतात. रांग येथेही संपत नाही.

तिसरी मालिका पाहताना मात्र हवा बदलली. 'येस मिनिस्टर'चा 'पार्टी गेम्स' हा विशेष भाग १७ डिसेंबर १९८४ रोजी नाताळच्या निमित्ताने दाखवला गेला. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. मंत्री जिम हॅकर नाताळच्या शुभेच्छापत्रांच्या ढिगाऱ्यावर सह्या करीत बसलेले असतात, तेथून तो सुरू होतो आणि ते पंतप्रधान होतात, तेथे संपतो. मधली शिडी कशाची? सॉसेजची. युरोपच्या नियमांमुळे ब्रिटिश सॉसेजला सॉसेज म्हणता येणार नाही, अशी हूल उठते. हॅकर त्या मांसाच्या नळीसाठी राष्ट्राभिमानाने छाती पुढे काढतात आणि गंडांतर टळल्याचे श्रेय घेतात. संकटच मुळात फुगवलेले असते. लोकांच्या ताटातील पदार्थाला देशाच्या अस्मितेशी बांधून खुर्ची कशी मिळवावी, याचा हा धडा चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. उमरीत बसून तो पाहणाऱ्याला तो जुना वाटत नाही. फरक इतकाच की, तेथे हशा पिकला. आपल्याकडे ताटावरून काय काय घडले, हे वाचक जाणतात.

या मालिकेत कोणाच्या उच्चारावर विनोद नाही. सर हम्फ्री यांची इंग्रजी सर्वांत शुद्ध आणि तीच सर्वांत फसवी. येथे हसू येते ते सत्तेच्या भाषेचे. वरच्याकडे पाहून हसणे आणि खालच्याकडे पाहून हसणे यांतील भेद सांगायला दुसरे पुस्तक नको.

२००१ मध्ये बीबीसीच्या सहकार्याने ही मालिका 'जी मंत्रीजी' या नावाने स्टार प्लसवर आली. मंत्री झाले फारूक शेख आणि सचिव झाले जयंत कृपलानी. फारूक शेख यांचा मंत्री भोळा होता, लबाडही होता, आणि आपण लबाडी करतो आहोत हे त्याला शेवटपर्यंत पुरते उमगत नसे. 'गर्म हवा'मधील तरुण सिकंदर मिर्झा करणाऱ्या नटाकडे हा हलका हात होता. त्यांचे निधन डिसेंबर २०१३ च्या अखेरीस, नाताळच्याच आठवड्यात झाले. त्यामुळे या सुट्टीत त्यांची आठवण निघणे स्वाभाविक होते.

पण त्या मंत्र्याचे नाव होते सूर्यप्रकाश सिंग. नटाने कोणत्याही धर्माचे पात्र करावे, त्यात गैर काहीच नाही. उलट तोच नटाचा धर्म. प्रश्न निराळा आहे. दिनो शफीक यांना मुसलमान पात्रे मिळाली, पण ती चहा देणारी किंवा बाकावर बसलेली. फारूक शेख यांना मंत्र्याची खुर्ची मिळाली, पण मुसलमान नाव खाली ठेवून. नाव आणि खुर्ची ही दोन्ही एकाच पात्राला देण्याचे धाडस पडदा क्वचितच करतो. वर्षभर दिसत नसलेला मुसलमान ईदच्या दिवशी मात्र शीरखुर्म्याच्या वाटीसह बातम्यांत हजर असतो, हे त्याच धाडसाच्या अभावाचे लक्षण आहे.

यावर उपाय म्हणून बंदीची मागणी करावी, असे आम्ही म्हणणार नाही. ब्रिटनमधील आशियाई कलावंतांनी दुसरा मार्ग दाखवला. मीरा स्याल, संजीव भास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम आधी रेडिओवर आणि १९९८ पासून बीबीसी दूरचित्रवाणीवर आला. पीटर सेलर्स यांनी १९६० मध्ये हिंदी डॉक्टरची नक्कल करून जे गाणे गाजवले, त्याचेच नाव त्यांनी उचलले. त्यांच्या एका गाजलेल्या प्रवेशात मुंबईची मंडळी इंग्रजी जेवणाच्या हॉटेलात जातात आणि लंडनचे गोरे भारतीय हॉटेलांत जसे वागतात, तसेच वागून दाखवतात. कोणावर दगड न मारता, कोणाकडे तक्रार न नेता, त्यांनी खडू आपल्या हातात घेतला. आणि ते आपल्या आईबापांवर, आपल्या लग्नांवर आणि आपल्या दिखाऊपणावरही तितकेच हसले. म्हणूनच त्यांचे हसणे लोकांना पटले.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून मराठी ही आमची भाषा आहे, हे आपण कवितांतून, आत्मकथनांतून आणि व्यासपीठांवरून सांगत आलो. त्या लेखनात दुःख आहे, विद्रोह आहे, प्रश्न आहेत. विनोद मात्र थोडा आहे. कदाचित जखम ओली असताना हसणे हा लेखकाला द्रोह वाटत असावा. पण विनोदाची जागा आपण मोकळी सोडली, तेथे खानचाचा येऊन बसला.

वास्तवात त्या जागेवर बसू शकेल असा माणूस आपल्या डोळ्यांसमोर आहे. मराठवाड्यातील कित्येक शाळांमध्ये मराठी शिकवणारे मुस्लिम मास्तर आहेत. ते पाटलाच्या पोराचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, वाण्याच्या मुलीला वृत्ते समजावतात, निबंधस्पर्धेचे परीक्षक होतात आणि घरी जाऊन 'चाय नक्को' म्हणतात. त्यांच्या वर्गातल्या गमती, त्यांचे हेडमास्तर, त्यांच्या बदल्या, त्यांना दर वर्षी नव्याने विचारला जाणारा 'तुमचे मराठी इतके चांगले कसे?' हा प्रश्न, यांत एका उत्तम विनोदी मालिकेचा ऐवज आहे. ती अजून कोणी लिहिलेली नाही. ती लिहिण्यासाठी लंडनच्या लेखकांची वा मुंबईच्या वाहिन्यांच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. आधी कथा म्हणून लिहावी, एकांकिका म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनात करावी. स्नेहसंमेलने डिसेंबरातच असतात.